बत्तिसांतला एक तास

शिष्यवृत्तीची खिडकी माझ्याकडे आहे. कवठेमहांकाळ,
कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडशेजारी.
काच नाही, जाळी आहे,
आणि जाळीला पावत्या सरकवून सरकवून पडलेलं भोक.

पोरं विचारतात, पैसे कधी?
मी विचारतो, आधार बँकेला संलग्न आहे का?
ती म्हणतात, जोडलंय की.
मी म्हणतो, जोडणं वेगळं, संलग्न होणं वेगळं.
हे वाक्य मी दिवसातून चाळीसदा बोलतो
आणि फरक मला अजून नीट सांगता येत नाही.

भागीरथी बिरू हाक्के, बी.एस्सी., दुसरं वर्ष.
गेल्या साली बँकेनं तिच्या नावातला दीर्घ ऱ्हस्व केला.
एका वेलांटीपायी सात महिने अर्ज परत.
डफळापूरहून बँकेच्या तीन खेपा, तहसीलच्या दोन,
तेवढ्यात मार्च संपला, उत्पन्नाचा दाखला मेला,
पुन्हा काढला.
चौथ्या खेपेला म्हणाली,
"सर, मीच ऱ्हस्व होते, चालंल का?"
हसत नव्हती.

यंदा वेलांटी जागेवर होती. हजेरी नव्हती.
अख्खा फेब्रुवारी बेदाण्याच्या शेडवर,
काड्या वेगळ्या, काळे मणी वेगळे,
बोटं गुळमट चिकट.
तिथं छाननी तीच करायची
आणि संध्याकाळी पैसे हातावर.

मी हजेरीपट काढला.
झालेले तास एकशे ऐंशी, बसलेली एकशे अठ्ठावीस.
एकाहत्तर टक्के. लागतात पंच्याहत्तर.
"चारच कमी हायत," ती म्हणाली.
चार टक्के म्हणजे किती, हे जाळीतून सांगता येत नाही.
दार उघडून बाहेर आलो,
कट्ट्यावर पाठकोरा कागद ठेवला, मांडून दाखवलं:
सत्र संपेस्तोवर उरले तास बत्तीस.
म्हणजे सगळे मिळून दोनशे बारा.
त्याचे पंच्याहत्तर टक्के, एकशे एकोणसाठ.
एकतीस तास तुला बसायलाच लागतंय.
एक तुझा.

"आजारी पडले तर?"
"एक तास पड."
बोलून गेलो आणि पेनचं टोपण शोधत बसलो.

मला वाटलं, आता म्हणेल,
टाका की सर चार टक्के, कुणाला कळतंय.
बाकीचे म्हणतात.
एकदा मी टाकलेतही. कुणासाठी, ते सांगणार नाही.
तिनं कागदाची घडी केली,
मोबाइलच्या कव्हरमागं सरकवली
आणि गेली.

मग रोज जाता जाता जाळीपाशी नुसता आकडा.
"सहा, सर."
"अकरा."
एस.टी. बंद पडली त्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून आली,
ओढणीला ताकाचा वास, "चौदा."
मीही टेबलाच्या काचेखाली रेघा ओढायला लागलो,
साहेब आले की त्यावर फाइल.

हप्ता आला का, विचारू नका.
पोर्टल म्हणतं, प्रक्रिया सुरू आहे.
पोर्टल गेल्या साली पण तेच म्हणत होतं.

सांगायचंय ते वेगळंच.
सव्वीस झाले होते. भर दुपार, तिसरा तास सुरू,
आणि ही कट्ट्यावर.
चपला काढलेल्या, पाय उन्हात,
हातात मोबाइल नाही, वही नाही.
वेळापत्रक बघितलं, वनस्पतिशास्त्र.
जाळीपर्यंत गेलो. बरं वाटत नाही का, विचारणार होतो.
तिच्या चेहऱ्याकडे बघून परत फिरलो.

अठ्ठेचाळीस मिनिटं ती काहीही करत नव्हती.
स्टँडवरच्या सायकली बघत होती, बहुतेक.
एकदा केस सोडून पुन्हा बांधले.

घंटा झाली.
चपला घालून जाळीपाशी आली.
"माझा झाला, सर," म्हणाली,
आणि उरलेले पाच त्यांचे त्यांना द्यायला
जिना चढून वर गेली.